चष्म्याचं काम शिकताय? मग क्रम चुकवू नका: कागदापासून कानापर्यंत सगळे टप्पे

दुकानात शिकायला येणारी मुलं-मुली पहिल्याच आठवड्यात विचारतात, "सर, मशीनवर कधी बसवणार?" काहींना तर त्याच्याही आधी डोळे तपासायचे असतात. आणि दोन वर्षं काउंटरवर काढलेला मुलगा मोठ्या दुकानात मुलाखतीला गेला की पीडी (दोन बाहुल्यांमधलं अंतर) घेताना पट्टी हलवतो, ट्रान्सपोझिशन (तोच नंबर दुसऱ्या पद्धतीने लिहिणं) विचारलं की गप्प बसतो. हुशारी कमी असते असं नाही, शिकण्याचा क्रमच उलटा झालेला असतो. नंबर बरोबर, काच महागाची, फ्रेम चांगली, तरी चष्मा लागत नाही म्हणून गिऱ्हाईक परत येतं, ते बहुतेक वेळा मधल्या मोजमापात आणि बसवण्यात गडबड झालेली असते म्हणून. हे सगळं नीट शिकायचं कसं आणि कुठल्या क्रमाने, तेवढंच इथे लिहितोय.

## टप्पा १: आधी ठरवा, डोळे तपासायचेत की चष्मा बनवायचाय

ही दोन वेगळी कामं आहेत आणि आपल्याकडे एकाच दुकानात होतात म्हणून लोक घोळ घालतात. नंबर काढणं हे ऑप्टोमेट्रिस्टचं किंवा डोळ्यांच्या डॉक्टरचं काम. ऑप्टोमेट्रीची पदवी बारावी सायन्सनंतर, शेवटच्या वर्षीची इंटर्नशिप धरून निदान चार वर्षांची. पुण्या-मुंबईत तशी कॉलेजं आहेत. २०२१ च्या अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायद्यात ऑप्टोमेट्रिस्टचा समावेश झालाय, त्यामुळे "सहा महिन्यांत डोळे तपासायला शिका" असं कुणी सांगत असेल तर पैसे भरू नका.

डिस्पेन्सिंग म्हणजे आलेल्या नंबरावरून फ्रेम निवडून देणं, मोजमाप घेणं, काच ठरवणं, फिटिंग करणं किंवा करून घेणं, आणि चष्मा चेहऱ्यावर बसवून देणं. हे दुकानात राबून शिकता येतं, सोबत छोटा कोर्स केला तर उत्तम. बाहेरदेशी जायचं डोक्यात असेल तर एक माहीत असू द्या, इंग्लंडमध्ये डिस्पेन्सिंग ऑप्टिशियन हा वेगळा नोंदणीकृत व्यवसाय आहे, तिथे इथला नुसता अनुभव चालत नाही.

दुकान किंवा कोर्स निवडताना फी किंवा पगार विचारायच्या आधी हे विचारा: फिटिंग इथेच होतं का बाहेर लॅबला जातं? हाताचा लेन्सोमीटर (काचेचा नंबर मोजायचं यंत्र) आहे का फक्त ऑटो? बिघडलेल्या काचांवर सराव करू देणार का? तिन्हीची उत्तरं नकारार्थी आली तर तिथे तुम्ही फक्त फ्रेम पुसायला आणि बिल फाडायला शिकाल.

तयारीचं सामान: मिलिमीटरची पीडी पट्टी, बारीक टोकाचं परमनंट मार्कर, बारीक स्क्रूड्रायव्हरचा सेट, पेन टॉर्च, एक जाड वही. आणि मालकाकडे मागून घ्या वीस-पंचवीस जुन्या फ्रेमा आणि बाद झालेल्या काचांचा एक डबा. हा डबा म्हणजे तुमची शाळा. पक्कडी लगेच घेऊ नका, कुठली कशाला लागते ते कळल्यावर घ्या.

## टप्पा २: कागद वाचायला शिका

पहिले पंधरा दिवस फक्त नंबराचे कागद. खरंच फक्त तेवढंच. रोज दुकानात येणारे कागद वहीत उतरवून काढा, उजवा डोळा आधी, मग डावा. स्फेरिकल (सगळीकडे सारखा असणारा मूळ नंबर), सिलिंड्रिकल (एकाच दिशेला लागणारा जादा नंबर), ॲक्सिस (ती दिशा, अंशांत), ॲड (जवळचं दिसायला लांबच्या नंबरात मिळवायचा आकडा). चिन्ह ठळक लिहा. दशांशाच्या आधी शून्य लिहायचंच, कारण ".५०" मधला ठिपका पुसट झाला की ते "५०" किंवा "५.०" वाचलं जातं. नंबर साधारण ०.२५ च्या पायरीने असतात, त्यामुळे १.३० असं काही दिसलं तर थांबा आणि विचारा. ॲक्सिस १ ते १८० मध्येच.

आपल्याकडे सगळ्यात जास्त चुकणारी जागा म्हणजे जवळचा नंबर. काही डॉक्टर ॲड लिहितात, काही जवळचा पूर्ण नंबर लिहितात. समजा लांबचा +०.५० आहे आणि खाली जवळच्या ओळीत +२.५० लिहिलंय, तर ॲड झाली +२.००. शिकाऊ मुलगा ऑर्डरमध्ये ॲड +२.५० टाकतो, काका पेपर नाकाला लावून वाचतात आणि "नवा नंबर जास्त आला वाटतं" म्हणून डॉक्टरला दोष जातो.

मग ट्रान्सपोझिशन. एकच नंबर दोन पद्धतीने लिहिता येतो, आणि लॅब, डॉक्टर, मशीन प्रत्येकाची पद्धत वेगळी असू शकते. तीन पायऱ्या:

१. स्फेरिकल आणि सिलिंड्रिकल चिन्हासकट बेरीज करा, ते नवीन स्फेरिकल.
२. सिलिंड्रिकलचं चिन्ह फक्त बदला, आकडा तोच.
३. ॲक्सिस ९० ने फिरवा. ९० किंवा त्याहून कमी असेल तर ९० मिळवा, जास्त असेल तर ९० वजा करा.

म्हणजे −१.०० / −०.५० × १८० हे झालं −१.५० / +०.५० × ९०. दिवसाला दहा करा, पन्नास झाले की बोटं न मोजता जमतं.

तपासा: सिलिंड्रिकल आहे आणि ॲक्सिस नाही, किंवा एका डोळ्याला प्लस आणि दुसऱ्याला मायनस आहे, किंवा जुन्या चष्म्यापेक्षा नंबर एकदम फार बदललाय, तर ऑर्डर लिहायची नाही. कागद देणाऱ्याला फोन करायचा. बरोबर असेलही, पण अंदाजाने पुढे जायचं नाही.

## टप्पा ३: लेन्सोमीटर, आणि तोही हाताचा

ऑटो लेन्सोमीटर बटण दाबलं की आकडा देतो, त्याला नावं ठेवत नाही, पण त्याच्यावर शिकलेल्याला आकडा चुकलाय हे कळत नाही. महिनाभर तरी हाताचा वापरा.

आधी आयपीस स्वतःच्या डोळ्याला फोकस करायचा. तो बाहेर फिरवून धूसर करायचा आणि हळूहळू आत घ्यायचा, आतल्या रेषा स्वच्छ दिसल्या की तिथेच थांबायचं. मग काच न लावता शून्य येतंय का बघायचं. या दोन गोष्टी रोज सकाळी करायच्या, कारण तुमच्या आधी कुणीतरी दुसऱ्याने त्याच्या डोळ्याला लावून ठेवलेला असतो आणि मग दिवसभर प्रत्येक काच पाव नंबराने चुकते.

चष्मा ठेवताना काचेची आतली, डोळ्याकडची बाजू स्टॉपवर टेकवायची, आणि फ्रेमचे दोन्ही खालचे काठ टेबलवर सपाट टेकलेले हवेत. एक बाजू उचलली गेली की ॲक्सिस गेलाच. डोळ्यांसमोर रेषांचा एक संच आधी स्वच्छ येतो, मग दुसरा, या दोन्ही वेळच्या आकड्यांतला फरक म्हणजे सिलिंड्रिकल. सगळं जमलं की मशीनमधूनच तीन ठिपके मारायचे, मधला ठिपका म्हणजे ऑप्टिकल सेंटर, जिथून उजेड न वळता सरळ जातो.

तपासा: एकच काच सोमवारी, बुधवारी, शनिवारी मोजा आणि आधीचा आकडा न बघता वहीत लिहा. तीन वेळा नंबर ०.१२ च्या आत आणि ॲक्सिस दोन-तीन अंशांत आला की पुढे सरका. नाही आला तर अजून आठवडा, यात लाज वाटायचं कारण नाही.

## टप्पा ४: फ्रेम निवडताना नंबर हातात हवा

बहुतेक दुकानांत गिऱ्हाईक आधी फ्रेम निवडून ठेवतं आणि मग नंबराचा कागद काढतं. तुम्ही कागद आधी मागा.

फ्रेमच्या काडीवर आतून लिहिलेलं असतं, ५२ चौकोन १८ आणि १४०. ५२ म्हणजे एका काचेची रुंदी, १८ म्हणजे दोन काचांमधलं नाकाचं अंतर, १४० म्हणजे काडीची लांबी. ५२ आणि १८ ची बेरीज ७०, हा फ्रेमचा पीडी. माणसाचा पीडी ६० असेल तर फरक १०, म्हणजे प्रत्येक काच ५ मिलिमीटर नाकाकडे सरकवावी लागणार. मायनस नंबरवाल्याची काच कडेला जाड असते आणि जितकी आत सरकवाल तितकी कानाकडची कड जाड दिसते. म्हणून −७.०० वाल्या मुलीला मोठ्ठी चौकोनी फ्रेम देऊन वर "पातळ काच घ्या" म्हणून जादा पैसे लावण्यापेक्षा लहान, गोलसर, तिच्या डोळ्यांच्या अंतराला जुळणारी फ्रेम दाखवा. काच आपोआप पातळ आणि हलकी होते, पैसेही वाचतात. हे सांगणाऱ्या दुकानदाराला गिऱ्हाईक विसरत नाही.

प्रोग्रेसिव्हला (लांबचा, मधला, जवळचा असे सगळे नंबर रेघेशिवाय एकाच काचेत) फ्रेमची खोली, म्हणजे वरून खालपर्यंतची उंची, पुरेशी हवी. लहान मुलांच्या नाकाचा पूल अजून चपटा असतो, मोठ्यांची फ्रेम लहान करून त्यांना बसत नाही, ती घसरते आणि मूल वरच्या कडेवरून बघतं, मग नंबर असून नसल्यासारखा.

चेहऱ्याला हात लावायच्या आधी विचारायचं. "काकू, जरा फ्रेम नीट करू का?" एवढं पुरतं.

## टप्पा ५: फ्रेम आधी बसवा, मग मोजा

हा टप्पा बहुतेक जण सोडून देतात. माझं सगळ्यात मोठं म्हणणं हेच आहे.

मी शिकत होतो तेव्हाची गोष्ट. एका शाळेतल्या बाईंना पहिल्यांदाच प्रोग्रेसिव्ह घ्यायचा होता. फ्रेम त्यांच्या नाकावरून थोडी घसरत होती, मी तशीच ठेवून काचेवर बाहुलीची खूण केली, उंची लिहिली, ऑर्डर टाकली. चष्मा तयार झाल्यावर मात्र काड्या छान वाकवून घट्ट बसवून दिला. फ्रेम तीनेक मिलिमीटर वर गेली आणि तिच्याबरोबर काचेची खूणही बाहुलीच्या वर गेली. बाईंना समोर बघताना मधल्या अंतराचा भाग डोळ्यांपुढे यायचा, म्हणून वर्गात शेवटच्या बाकाकडे बघायचं तर हनुवटी खाली घालून बघायच्या. तीन वेळा आल्या, तिन्ही वेळा मी "सवय होईल" म्हटलं. चूक माझी होती, आणि काच दुकानाच्या खर्चाने परत बनवून द्यावी लागली. तेव्हापासून फ्रेम बसल्याशिवाय मी पट्टी हातात घेत नाही.

बसवायचा क्रम असा:

१. नाक. पूल किंवा नोजपॅड दोन्हीकडे सपाट टेकले पाहिजेत. पॅडची फक्त कड रुतत असेल तर लाल खड्डा पडतो.

२. समोरून सरळ. एक बाजू वर दिसत असेल तर त्याच बाजूची काडी वर वाकवायची, खाली दिसत असेल तर ती काडी खाली. ऐकायला उलटं वाटतं, जुन्या फ्रेमवर करून बघा म्हणजे पटेल.

३. वरून बघून. जी काच चेहऱ्याच्या जास्त जवळ आहे त्या बाजूची काडी आत घ्यायची, जी लांब आहे त्या बाजूची बाहेर.

४. कल. काचेची खालची कड गालाकडे थोडी झुकलेली हवी, साधारण ८ ते १२ अंश. गालाला टेकता कामा नये, माणसाला हसायला सांगून बघायचं.

५. कान. काडीचं वळण बरोबर कानाच्या वरच्या टोकाला सुरू व्हायला हवं. आधी वळलं तर कान दुखतो, उशिरा वळलं तर चष्मा घसरतो.

जाड ॲसिटेटची (एक प्रकारचं प्लास्टिक) फ्रेम हीटरवर तापवून, हळूहळू, दोन्ही हातांनी. मेटलला पक्कड आणि नायलॉनचा जबडा. टीआर ९० (लवचीक प्लास्टिक) फ्रेमला ॲसिटेटसारखं वाकवायला जाऊ नका, ती परत सरळ होते आणि जास्त तापवली की आकारच जातो.

सावधान: कोटिंगची काच लावलेली असताना फ्रेम तापवायची नाही. कोटिंगला बारीक भेगा पडतात, कोळ्याच्या जाळ्यासारख्या, आणि त्या जात नाहीत. काच काढा, मग तापवा.

## टप्पा ६: पीडी आणि उंची

माणसाच्या समोर, डोळ्याला डोळा येईल अशा उंचीवर बसा, साधारण ४० सेंटिमीटरवर. पट्टी नाकावर टेकवा आणि हाताची बोटं त्याच्या कपाळाला किंवा गालाला आधाराला लावा म्हणजे पट्टी हलत नाही. तुमचा उजवा डोळा मिटा, त्याला तुमच्या डाव्या डोळ्याकडे बघायला सांगा, आणि पट्टीचं शून्य त्याच्या उजव्या डोळ्यावर लावा. आता पट्टी न हलवता तुमचा डावा मिटा, उजवा उघडा, त्याला उजव्याकडे बघायला सांगा आणि त्याच्या डाव्या डोळ्यावरचा आकडा वाचा. दोन्ही डोळे उघडे ठेवून बघितलंत की आकडा चुकतो.

आपल्याकडच्या गडद डोळ्यांत बाहुलीचा मध्य दिसतच नाही. मग उजव्या बुबुळाच्या कानाकडच्या कडेपासून डाव्या बुबुळाच्या नाकाकडच्या कडेपर्यंत मोजा, अंतर तेच येतं. मोठ्या माणसांचा पीडी बहुधा ५४ ते ७४ च्या दरम्यान असतो. जवळचा पीडी साधारण ३-४ मिलिमीटर कमी.

दोन्ही डोळ्यांचा वेगवेगळा पीडीही घ्या, नाकाच्या मध्यापासून. बऱ्याच जणांचं नाक अगदी मध्ये नसतं, एकूण ६२ असला तरी ३० आणि ३२ असू शकतो. प्रोग्रेसिव्हला वेगवेगळाच लागतो.

एवढी काटेकोरी कशाला म्हणाल तर हिशोब बघा. काचेचं सेंटर जितकं सरकलं ते सेंटिमीटरमध्ये, गुणिले नंबर, एवढं प्रिझम, म्हणजे उजेड बाजूला वळवणारा परिणाम, डोळ्याला लागतं. −१.०० वाल्याला ३ मिलिमीटर चुकले तर ०.३, त्याला कळणारही नाही. −६.०० वाल्याला तेच ३ मिलिमीटर म्हणजे १.८, आणि तेही एका डोळ्याला. त्याचं डोकं दुखणारच. म्हणून "मी इतकी वर्षं अंदाजाने पीडी घेतो, काही होत नाही" म्हणणाऱ्याकडे लहान नंबराची गिऱ्हाइकं असतात एवढाच त्याचा अर्थ. वर-खाली चुकलं तर आणखी वाईट, दोन डोळ्यांच्या उंचीतला फरक डोळे फार कमी सहन करतात.

उंची. बसवलेल्या फ्रेममधल्या डमी (बिननंबरी, दाखवायच्या) काचेवर खूण करायची. माणूस आपल्या नेहमीच्या ढबीत उभा किंवा बसलेला हवा, कॅमेऱ्यासमोर बसल्यासारखा ताठ नको. प्रोग्रेसिव्हला खूण बाहुलीच्या मध्यावर, दोन्ही डोळ्यांना वेगळी. बायफोकलची (वर लांबचा, खाली जवळचा नंबर असलेली काच) रेघ साधारण खालच्या पापणीच्या कडेला. मग फ्रेम काढा, परत घाला, खूण तिथेच येते का बघा.

आणि काम काय करता ते विचारा, हे कुठल्याही चार्टमध्ये नसतं. बांधावरून, खाचरातून चालणाऱ्या शेतकऱ्याला बायफोकलची रेघ जरा खाली द्यावी लागते, नाहीतर पायाखालची जमीन जवळच्या नंबरातून दिसते आणि पाय चुकतो. दिवसभर मशीनवर बसणाऱ्या शिंप्याला रेघ जरा वर चालते. कीर्तनात पोथी मांडीवर ठेवून वाचणारे आजोबा आणि दिवसभर कॉम्प्युटरवर बसणारा अकाउंटंट, दोघांची ॲड एकच असली तरी चष्मा एकच नको.

तपासा: सगळी मोजमापं दोनदा, मध्ये पट्टी खाली ठेवून. १ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा. मोठा नंबर असेल तर काच डोळ्यापासून किती लांब आहे तेही बघा, −१०.०० चा चष्मा ४ मिलिमीटर पुढे घसरला तर जवळजवळ ०.४० चा फरक पडतो.

## टप्पा ७: काच ठरवणं आणि ऑर्डर लिहिणं

इंडेक्स, म्हणजे काच उजेड किती वळवते त्याचा आकडा: १.५०, १.५६, १.६०, १.६७, १.७४, आकडा वाढतो तशी काच पातळ होते आणि किंमत वाढते. पॉलीकार्बोनेट (सहजी न फुटणारी काच) १.५९. मुलांना, खेळणाऱ्यांना, आणि एकच डोळा चांगला असलेल्या माणसाला पॉलीकार्बोनेट, यात मी घासाघीस करत नाही. रिमलेसला (कडा नसलेली, काचेला भोक पाडून जोडलेली फ्रेम) साधी १.५० देऊ नका, भोकापासून तडा जातो. पॉलीकार्बोनेटच्या आणि पातळ काचांच्या कडेने बघताना काहींना रंगाची किनार दिसते, ते आधीच सांगून ठेवा.

ब्लू कट, म्हणजे निळा उजेड अडवणाऱ्या काचांबद्दल स्पष्ट सांगतो. कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यासांचा आढावा घेणाऱ्या संस्थेच्या २०२३ च्या आढाव्यात अशा काचांनी डोळ्यांचा थकवा कमी होतो असा पुरावा मिळाला नाही. गिऱ्हाइकाने मागितली तर द्या, पण औषध म्हणून विकू नका.

काचेचा गोळा पुरेल का, हे ऑर्डरच्या आधी मोजा: फ्रेमच्या काचेची सगळ्यात मोठी तिरकी लांबी, त्यात एका काचेला किती सरकवायचंय त्याची दुप्पट, आणि वर २. टप्पा ४ मधल्या उदाहरणात तिरकी लांबी ५५ धरली तर ५५ + १० + २ = ६७. ६५ ची काच मागवलीत तर कानाकडच्या बाजूला कमी पडणार, आणि हे ग्राइंडिंग झाल्यावर कळतं.

ऑर्डर लिहून झाली की कागद आणि ऑर्डर शेजारी ठेवून मोठ्याने वाचा, शक्यतो दुसऱ्या माणसासमोर. उजवा, डावा, चिन्ह, ॲक्सिस, ॲड, पीडी, उंची, इंडेक्स, कोटिंग.

## टप्पा ८: ग्राइंडिंग आणि फिटिंग

आता मशीन. आलेली काच आधी लेन्सोमीटरवर मोजायची, पाकिटावरच्या छापील आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही. मार्करने उजवी-डावी लिहायची. प्रोग्रेसिव्हवरच्या छापील खुणा डिलिव्हरीपर्यंत पुसायच्या नाहीत, पुसल्याच गेल्या तर काच उजेडात तिरकी धरा, ३४ मिलिमीटर अंतरावर दोन बारीक कोरलेल्या खुणा असतात, त्यावरून परत आखता येतं.

शिकायचा क्रम: हाताच्या व्हीलवर तीस-चाळीस बाद काचा, मग ऑटो एजरवर (काच आपोआप कापणारं मशीन) फुल रिम, मग नायलॉन तारेची हाफ रिम, आणि रिमलेसचं ड्रिलिंग सगळ्यात शेवटी. रिमलेसने सुरुवात करून महागाच्या काचा फोडलेली मुलं मी बघितलीत, त्यानंतर बिचारी महिनोन्महिने मशीनला हात लावायला घाबरतात.

काच पहिल्यांदा ०.२-०.३ मिलिमीटर मोठीच कापा, रिममध्ये लावून बघा, मग पुन्हा मशीनला. मोठीची लहान होते, लहानाची मोठी होत नाही. कडेची धार शेवटी हलकी मारून घ्या. पॉलीकार्बोनेटची सेटिंग वेगळी असते, साध्या काचेच्या सेटिंगवर ती वितळल्यासारखी चिकटते, आणि तिला ॲसिटोन लावलं तर ती गेली.

काच घट्ट बसवून स्क्रू जबरदस्तीने आवळू नका. स्ट्रेस टेस्टर असेल तर त्यात बघा, कडेला चमकदार पट्टे दिसले तर काच दाबली गेलीय.

सावधान: व्हीलवर काम करताना डोळ्यांवर चष्मा हवाच, पाणी चालू हवं, ओढणी, सैल बाही, बांगड्या, हातातले दोरे बाजूला.

## टप्पा ९: देण्याआधी तपासणी

परत लेन्सोमीटर. नंबर, ॲक्सिस, दोन्ही सेंटरमधलं अंतर, उंची. सिलिंड्रिकल जितका मोठा तितकी ॲक्सिसला सूट कमी. अमेरिकेच्या अन्सी मानकात ०.२५ च्या सिलिंड्रिकलला १४ अंशांपर्यंत चालतं, पण १.५० च्या वर फक्त २ अंश. कारण सोपं आहे, ॲक्सिस १० अंश फिरला तर सिलिंड्रिकलचा साधारण एक तृतीयांश भाग दुरुस्त न होता राहतो, आणि ३० अंश फिरला तर जितकं सिलिंड्रिकल होतं तितकीच चूक परत उभी राहते.

मग चष्मा उघडून उलटा सपाट काचेवर ठेवा. समोरच्या दोन वरच्या कडा आणि काड्यांची दोन टोकं, चारही टेकली पाहिजेत. डुगडुगला तर परत सरळ करा.

## टप्पा १०: डिलिव्हरी आणि परत आलेलं गिऱ्हाईक

चष्मा पिशवीत घालून देऊ नका. स्वतःच्या हाताने गिऱ्हाइकाला घाला, कान बघा, लांबचं वाचायला लावा, हातात पेपर द्या. प्रोग्रेसिव्हवाल्याला सांगा की जिकडे बघायचंय तिकडे नाक वळवायचं, जिना उतरताना मान खाली घालायची, आणि पहिले काही दिवस गाडी जपून चालवायची. सिलिंड्रिकल पहिल्यांदा लागलेल्याला जमीन तिरकी वाटते, आठ-दहा दिवसांत बसतं. काच कोरडी पदराने किंवा शर्टाने पुसायची नाही, आधी पाणी.

परत आला तर "सवय होईल" हे सगळ्यात शेवटचं उत्तर. क्रम हा: काय होतंय ते पूर्ण ऐका, लांबचं का जवळचं, एका डोळ्याने का दोन्हीने. फ्रेम चेहऱ्यावर कशी बसलीय बघा, निम्म्या तक्रारी इथेच सुटतात. वाचायला हनुवटी वर करावी लागत असेल तर खूण खाली गेलीय, लांब बघायला हनुवटी खाली जात असेल तर खूण वर गेलीय. मग नंबर आणि ॲक्सिस, मग पीडी आणि उंची, मग जुन्या चष्म्याशी तुलना, काचेचा प्रकार बदललाय का. हे सगळं बरोबर निघालं तरच डोळे परत तपासायला पाठवा.

सावधान: अचानक दिसणं कमी झालं, डोळ्यांपुढे विजा चमकल्यासारखं होतं, एकदम काळे ठिपके किंवा पडदा आला, डोळा लाल होऊन ठणकतोय, दिव्याभोवती रंगीत कडी दिसून उलटी होतेय, यातलं काहीही कुणी सांगितलं तर चष्म्याचं बोलणं थांबवा आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवा.

परत बनवावी लागलेली प्रत्येक काच वहीत लिहा: तारीख, नंबर, फ्रेम, काय चुकलं, कुठल्या टप्प्यावर चुकलं. नावं नकोत, टप्पा हवा. तीन महिन्यांनी वही उघडलीत की एकच टप्पा पुन्हा पुन्हा दिसेल, बहुतेक पाचवा किंवा सहावा, आणि मग बाद काचांचा डबा काढून तेवढाच टप्पा परत पहिल्यापासून करायचा.